डुकरिणीचा संसार

१९७० च्या दशकाच्या अखेरीस एडिंबरा विद्यापीठातल्या ॲलेक्स स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश या दोन संशोधकांना एका गोष्टीचा छडा लावायचा होता. पाळीव डुकराला मोकळं सोडलं तर ते कसं वागेल? त्यांनी स्कॉटलंडमधली थोडी जमीन कुंपणाने बंदिस्त केली. आत पाइनची लहानशी राई होती, काटेरी झुडपं होती, एक ओहोळ होता आणि लोळायला दलदल होती. तिथे त्यांनी सोडली ती लार्ज व्हाइट जातीची डुकरं, म्हणजे मांसासाठी पिढ्यान्‌पिढ्या शेडमध्ये वाढवलेली, गुलाबी-पांढरी, थोराड जात. एक नर, चार माद्या, वयात येऊ घातलेला एक नर आणि एक मादी, शिवाय जन्माला येतील ती पिलं. मग हे दोघे वही-पेन्सिल घेऊन पाहत राहिले.

या डुकरांनी आपसूक घर केलं. रात्री सगळ्यांनी मिळून झोपायची जागा चारा-पाण्यापासून दूर निवडली. तिथून चहूकडचं दिसायचं आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा होता. झोपायला जाताना कुणी ना कुणी तोंडात गवत-काटक्या घेऊन यायचं आणि बिछाना नीटनेटका करायचं. सकाळी उठल्यावर ती घरट्यापासून किमान सात मीटर चालत जाऊन मगच मलमूत्र विसर्जन करत. माणसाने ज्याच्या नावाची घाणीसाठी शिवी केली, त्याचं हे वर्तन. दिवसाचा जवळपास निम्मा वेळ नाकाने जमीन उकरण्यात आणि चरण्यात जायचा. दोन माद्यांची गट्टी जमायची, त्या जोडीने चरत आणि शेजारी झोपत. परक्या डुकराला मात्र कळपात सामावून घ्यायला बराच काळ लागे.

या निरीक्षणांवरचा त्यांचा सविस्तर निबंध १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या सोबतीने डुकराची नऊ-दहा हजार वर्षं गेली. या काळात त्याची चण बदलली, रंग बदलला, वाढीचा वेग आणि पिलांची संख्या कितीतरी वाढली. पण कुणाबरोबर राहायचं, कुणापासून दूर जायचं, पिलं कुठे घालायची, हे सगळं रानातलंच राहिलं. डुकराच्या प्रजननाचा विषय निघाला की आपण माज, गाभण काळ, पिलांची संख्या एवढंच मोजतो. खरं तर वयात येण्यापासून पिलं दुधावरून तुटेपर्यंतचा त्यातला प्रत्येक टप्पा कळपाशी बांधलेला आहे. कळपाचा विचार न करता शेड उभारली, की तो टप्पा कुठेतरी अडतो आणि त्याची किंमत आधी डुक्कर मोजतं, मग पाळणारा.

आया, मावश्या आणि एकटा नर

डुकरांचा कळप हा बायकांचा कारभार असतो. दोन-चार माद्या, बहुधा आई, तिच्या मुली, बहिणी, आणि त्यांची पिलं. नर मोठा झाला की कळपातून बाहेर पडतो. तरुण नर काही काळ टोळक्याने हिंडतात, पुढे एकेकटे. माजाच्या दिवसांत नर कळपाजवळ येतो आणि काम झालं की निघून जातो. आपल्याकडच्या रानडुकरांचंही असंच चालतं, कारण रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर ही प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकच जात. कोकणातल्या शेतात रात्रीत कंद उकरून जाणाऱ्या कळपात बहुतेक वेळा माद्या आणि अंगावर पट्टे असलेली पिलंच असतात. एकुलगा हिंडणारा सुळेवाला असतो तो नर.

तालुक्याच्या कुठल्याही गावी ओढ्याकाठी उकिरड्यावर चरणारी डुकरं जरा वेळ थांबून पाहिली, तर हीच घडण दिसते. पुढे एक पोक्त मादी, मागे निरनिराळ्या वयाची पिलं. तिने मान वर करून एक आखूड हुंकार दिला की सगळी पिलं जागच्या जागी थिजतात, दुसऱ्या हुंकाराला पळ काढतात. आपण सहसा असं पाहत थांबत नाही, त्याला कारणं आहेत. परंपरेने डुकरं पाळणाऱ्या कैकाडी, वडार यांसारख्या समाजांना गावाने कडेला ठेवलं आणि त्यांच्यापाशी असलेली या जनावराची जाणही कडेलाच राहिली. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने २०१३ मध्ये डुक्कर पकडणारं कुटुंब आणि त्यांना हसणारा गाव दोन्ही पडद्यावर आणले, तेव्हा शहरी प्रेक्षक चमकला तो यामुळेच.

कळपात कोण वरचढ हे ठरलेलं असतं, आणि एकदा ठरलं की रोज भांडावं लागत नाही. खालच्या पायरीवरचं डुक्कर वरच्याला वाट देतं, मान वळवतं, एवढ्यावर भागतं. हे चालतं ओळखीवर. डुकराची नजर बेताची, पण नाक विलक्षण. त्याच्या जनुकसंचात वास ओळखणाऱ्या ग्राहकांची तेराशेच्या घरात जनुकं सापडली आहेत. वास आणि आवाज यांवर ते वीस-तीस सोबत्यांना ओळखू शकतं.

अडचण येते ती अनोळखी डुकरं एका खोलीत घातल्यावर. शेडमध्ये हे वारंवार होतं: पिलं आईपासून तोडल्यावर वजनानुसार एकत्र केली जातात, गाभण माद्या एका गटातून दुसऱ्यात हलवल्या जातात. मग खांद्याला खांदा लावून रेटारेटी, डोक्याने धडका, मान आणि कानांना चावे. पहिले एक-दोन दिवस ही धुमश्चक्री चालते आणि पायरी ठरली की थांबते. नुकत्याच फळलेल्या मादीवर हा ताण आला तर गर्भ रुजण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून जाणता पाळणारा त्या आठवड्यांत गट हलवत नाही. पिलांच्या बाबतीत उपाय निसर्गानेच दाखवला आहे. दहा-बारा दिवसांची पिलं दुसऱ्या आईच्या पिलांत मिसळली तर जवळजवळ भांडतच नाहीत. रानात त्यांची कळपाशी ओळख होण्याचं वयही नेमकं तेच.

नराचा वास

मादी साधारण सहा-सात महिन्यांची झाली की वयात येते. ती नेमकी कधी येईल हे मात्र तिच्या वयावर आणि खाण्यावरच अवलंबून नसतं. मोठा नर रोज काही मिनिटं तिच्यासमोर आणला तर ती लवकर माजावर येते, हे १९७० च्या सुमारास ब्रिटनमधल्या प्रयोगांनी दाखवून दिलं. नर मात्र पोक्त हवा, दहा महिन्यांच्या पुढचा. कोवळ्या नराचा तसा गुण येत नाही, कारण किमया त्याच्या लाळेत असते आणि ती लाळ वयाबरोबर तयार होते. माजावरच्या मादीजवळ आलेला नर जबडा चावत राहतो आणि त्याच्या तोंडाला पांढरा फेस येतो. त्या फेसात ॲन्ड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य असतं. त्याचा वास आला की माजावरची मादी चारी पाय रोवून, कान टवकारून, निश्चल उभी राहते.

माद्या दर २१ दिवसांनी माजावर येतात आणि माज दोन-तीन दिवस टिकतो. तो ओळखायला पाळणारा मादीच्या पाठीवर हाताने भार देऊन पाहतो. फ्रान्समध्ये जाँ-पिएर सिन्योरे यांनी १९६० च्या दशकात याची पद्धतशीर तपासणी केली. नर आसपास नसताना माजावरच्या सुमारे निम्म्याच माद्या माणसाच्या हाताखाली स्थिर उभ्या राहिल्या. नराचा नुसता वास आणि आवाज मिळाला तर हे प्रमाण नव्वद टक्क्यांपर्यंत गेलं, आणि तो प्रत्यक्ष समोर आला तेव्हा सगळ्याच उभ्या राहिल्या. तीच मादी, तोच माज, पण सोबत नसेल तर तो निम्म्या वेळा दिसतच नाही. म्हणून आज कृत्रिम रेतन करणाऱ्या आधुनिक केंद्रांतही एखादा म्हातारा नर पाळलेला असतो. त्याचं काम एवढंच, की रोज माद्यांच्या समोरून फेरी मारायची. काही ठिकाणी त्याच्या लाळेतल्या द्रव्याचा फवारा बाटलीतून मारतात.

या वासाची कीर्ती इतकी पसरली, की युरोपात जमिनीखालची ट्रफल नावाची महागडी अळंबी डुकरिणी हुंगून काढतात त्याचंही कारण तोच वास असल्याचं १९८० च्या दशकात मानलं गेलं, कारण ट्रफलमध्येही त्याच कुळातलं द्रव्य सापडलं होतं. पुढे फ्रान्समध्ये दोन्ही वास वेगवेगळे पुरून पाहिले, तेव्हा डुकरांनी नराच्या वासाकडे पाठ फिरवली आणि ट्रफलमधल्या गंधकयुक्त वासाची जागा उकरली. त्यांना अळंबी हवी होती ती खायलाच.

प्रत्यक्ष समागम पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त चालतो आणि एका वेळचं वीर्य पाव लिटरच्या आसपास भरतं. गायी-म्हशींच्या रेतनाला वीर्याची बारीक नळी पुरते, इथे ८० ते १०० मिलीलिटरची बाटली किंवा पिशवी लागते. हे वीर्य गोठवलेलं फारसं मानवत नाही, ते १७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून काही दिवसांत वापरावं लागतं. गावोगाव गायीच्या रेतनाची सोय झाली, पण डुकराची होईना, त्याचं एक कारण हे आहे. रानडुकरिणी हंगामानुसार वितात, पाळीव डुकरीण बारमाही. तरीही कडक उन्हाळ्याच्या शेवटी पाळीव माद्यांचं फळणं घटतं. तो जुना हंगाम शरीरातून पुरता गेलेला नाही.

वितण्याच्या आदल्या दिवशी

गाभण काळ ११४ दिवसांचा. पाळणारे तो तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा लक्षात ठेवतात. शेवटच्या दिवसात काय घडतं ते पेर येन्सेन यांनी १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये मोकळ्या सोडलेल्या पाळीव माद्यांच्या मागे फिरून टिपलं.

एरवी कळपाला चिकटून राहणारी मादी वितण्याच्या सुमारे एक दिवस आधी वेगळी होते. ती चालत सुटते, अनेक जागा हुंगते, सोडून देते. शेवटी झाडाच्या किंवा खडकाच्या आडोशाची, वरून थोडं झाकण असलेली जागा तिला पसंत पडते. तिथे ती आधी नाकाने उथळ खळगा खणते आणि पुढच्या पायांनी माती बाजूला सारते. मग सुरू होतात खेपा. तोंडात गवताचे जुडगे, पाला, काटक्या, कधी हातभर लांबीची फांदी. जाड फांद्या बाहेरच्या बाजूला, मऊ गवत आत. मध्येच ती आत शिरून, गोल फिरून, नाकाने ढोसून अंदाज घेते आणि पुन्हा बाहेर पडते. वितायला तीन-चार तास उरले की खेपा थांबतात. ती आत आडवी होते आणि शांत पडून राहते.

खूर असलेल्या प्राण्यांत पिलांसाठी असं घरटं बांधणारं कुळ डुकराचंच. गाय किंवा शेळीचं वासरू-करडू तासाभरात उभं राहतं, आई त्याला चाटून कोरडं करते. डुकरीण पिलांना चाटत नाही. दीड किलोचंही नसलेलं पिलू ओलंच धडपडत सडाकडे जातं. शिवाय त्याच्या शरीरात एक उणीव आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या नवजातांकडे उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी असते. डुकरांच्या पूर्वजांत ती चालवणारं यूसीपी-१ हे जनुक सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच मोडलं, असं २००६ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. पिलाला कुडकुडून ऊब आणावी लागते आणि भोवतालचं तापमान ३४ अंशांच्या खाली गेलं की त्याला थंडी वाजू लागते. अंगात नसलेली ऊब आई फांद्या-गवतातून पुरवते.

ही ऊर्मी जागी होते ती आतल्या संप्रेरकांनी. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं तर गाभण नसलेली मादीसुद्धा घरटं बांधायला लागते. त्यामुळे सिमेंटच्या फरशीवर, लोखंडी पिंजऱ्यात, मागे वळताही येऊ नये अशा जागेत उभी असलेली डुकरीणही त्या दिवशी खणतेच. खुरांनी फरशी खरवडते, नाकाने गज ढोसते, गज चावते. काडी मिळत नाही, म्हणून काम संपत नाही. ती बेचैन राहते आणि शरीरातली ताणाची द्रव्यं वाढतात. बंदिस्त माद्यांचं वितणं मोकळ्या आणि पेंढा मिळालेल्या माद्यांपेक्षा जास्त वेळ रेंगाळतं, असं फिनलंडमधल्या अभ्यासांत आढळलं. वितणं लांबलं की शेवटची पिलं गुदमरण्याचा धोका वाढतो.

वीस सेकंदांचा पान्हा

डुकराच्या पिलाला गर्भात आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती मिळतात पहिल्या चोवीस तासांच्या चिकातून. त्या दिवशी ज्याच्या वाट्याला चीक आला नाही, त्याचा भरवसा नाही. म्हणून पहिले काही तास घनघोर झटापट होते. पिलं जन्मतःच आठ सुईसारखे दात घेऊन येतात आणि ते भावंडांच्या गालांवर चालवतात. दोन-चार दिवसांत मात्र ज्याची त्याची जागा ठरते, तीही एकेका सडाची. पुढच्या सडांना मागणी जास्त, तिथे बहुधा वजनदार पिलं. एकदा पंगत बसली की कुणी पाट बदलत नाही. दूध तुटेपर्यंत पिलू बहुतेक आपल्याच सडाला लागतं. अनाथ पिलू दुसऱ्या मादीला लावायचं तर पहिल्या एक-दोन दिवसांतच लावा, असं पाळणारे सांगतात ते यासाठी.

पाजण्याचा सोहळा दर पाऊण-एक तासाने होतो, दिवसा आणि रात्रीही. मादी कुशीवर पडते आणि संथ, तालबद्ध घुरघुर सुरू करते. पिलं आपापल्या जागी येऊन नाकांनी कास मळू लागतात. मिनिटभर तेच चालतं. मग घुरघुरीचा वेग अचानक वाढतो. पिलं मळणं थांबवून सड घट्ट धरतात, अंगं ताठ होतात, कान मागे जातात. पान्हा सुटतो तो जेमतेम वीस सेकंद. पुन्हा मळणं, मग झोप. जो वेळेवर जागेवर नव्हता, तो तासभर उपाशी. शेजारच्या खोलीतल्या मादीची घुरघुर ऐकून इतर माद्याही त्याच वेळी पाजू लागतात, त्यामुळे परक्या पिलांना चोरून प्यायला फारशी संधी मिळत नाही.

हा सगळा व्यवहार आवाजावर चालतो. स्वीडनमध्ये बू आल्गर्स आणि येन्सेन यांनी १९८५ मध्ये पाजण्याच्या वेळी पंख्यांचा सततचा मोठा आवाज लावून पाहिला, तेव्हा आई-पिलांमधला हा संवाद विस्कळीत झाला. हवा खेळती राहावी म्हणून बसवलेला पंखा दुधाच्या आड येऊ शकतो, हे शेडचा नकाशा काढणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

या पंगतीवर आता नवा ताण आहे. रानडुकरिणीला एका वेतात चार ते सहा पिलं होतात. डेन्मार्कमध्ये निवड पद्धतीने पाळीव मादीची सरासरी सतराच्या पुढे गेली, सड मात्र चौदा-सोळाच. उरलेल्या पिलांसाठी दुसऱ्या माद्या दाया म्हणून लावाव्या लागतात. रानात पिलं बारा ते सतरा आठवड्यांत हळूहळू दुधावरून सुटतात, शेडमध्ये तीन-चार आठवड्यांत एका दिवसात. त्यानंतर पाच-सात दिवसांत आई पुन्हा माजावर येते. वर्षाला दोनाहून जास्त वेतं बसतात ती या हिशेबाने.

पिंजरा आणि कायदा

पिंजऱ्याची बाजू खोटी नाही. दोन-अडीचशे किलोची आई आडवी होताना पिलू अंगाखाली चिरडतं, आणि गजांमुळे ते कमी होतं. पण स्वित्झर्लंडमध्ये शेकडो शेतांची आकडेवारी तपासली, तेव्हा मोकळ्या खोल्यांत चिरडून मरणारी पिलं जास्त, पिंजऱ्यांत इतर कारणांनी मरणारी जास्त, आणि एकूण मृत्यू सारखेच निघाले. खोली नीट आखली तर पिंजऱ्यावाचून चालतं, असा त्याचा अर्थ.

युरोपात ही गोष्ट कायद्यापर्यंत गेली. स्वीडनमध्ये बालसाहित्यिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांनी पशुवैद्य क्रिस्टिना फोर्सलुंड यांच्यासोबत वर्तमानपत्रांतून गुराढोरांची कड घेतली आणि १९८८ मध्ये नवा प्राणिसंरक्षण कायदा आला. तिथे डुकरिणी मोकळ्याच ठेवाव्या लागतात. ब्रिटनने गाभण माद्यांचे पिंजरे १९९९ पासून बंद केले. युरोपीय संघात १ जानेवारी २०१३ पासून पहिले चार आठवडे आणि वितण्याआधीचा शेवटचा आठवडा सोडला तर गाभण माद्या गटात ठेवणं सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियात मतदारांनी २०१८ मध्ये असाच कायदा मंजूर केला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो उचलून धरला. शेपट्यांचा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी तसाच आहे. उकरायला काही नसलं की डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात, आणि त्यावर उपाय म्हणून सर्रास पिलांच्या शेपट्याच छाटल्या जातात. स्वीडन आणि फिनलंडमध्ये छाटत नाहीत, त्याऐवजी पेंढा देतात.

आपल्या दारात

२०१९ च्या पशुगणनेत भारतात ९०.६ लाख डुकरं होती, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी. सर्वाधिक आसामात, आणि डुकरांवरचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही गुवाहाटीजवळ राणी इथे आहे. गोव्यात डुक्कर घराघराच्या परसात होतं. चोरीस आणि सोरपोतेल हे पदार्थ त्याच परसातून ताटात आले. तिथल्या काळ्या, लहान चणीच्या डुकराची ‘आगोंदा गोवन’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. महाराष्ट्रात मोकाट डुकरं नगरपालिकांची डोकेदुखी, तर यॉर्कशायर जातीच्या डुकरांची बंदिस्त शेड तरुणांचा नवा धंदा.

हा धंदा वाढवायचं सरकारने ठरवलं आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातून २०२१ पासून डुक्कर पैदास केंद्राला ५० टक्के भांडवली अनुदान मिळतं, शंभर माद्या आणि दहा नर असतील तर ३० लाख रुपयांपर्यंत. दुसरीकडे २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर ईशान्य भारतात पोहोचला. त्याच्यावर औषध नाही आणि मोकळं फिरणारं डुक्कर तो पसरवतं. म्हणजे डुकरांना पूर्वीसारखं उकिरड्यावर सोडा, असं म्हणणं आता बेजबाबदारपणाचं ठरेल. शेड लागणारच.

शेड लागणार म्हणून पिंजरा लागतोच असं नाही. गाभण माद्यांचा गट एकदा बांधला की मोडू नये. माज पाहताना नर समोर असावा. वितण्याच्या दोन दिवस आधी मादीला वळता येईल एवढी खोली आणि भाताचा पेंढा मिळावा. पिलांसाठी आईच्या अंगापासून दूर उबेचा कोपरा असावा. पंखा पाजण्याच्या जागेपासून लांब बसवावा. शेजारच्या पिलांची ओळख दूध तुटण्याआधी करून द्यावी. यातल्या एकाही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही आणि कोकणात-गोव्यात तर पेंढ्याचा तोटा नाही. युरोपने आधी पिंजरे बसवले, मग कायदे करून ते काढले, आणि दोन्ही वेळचा खर्च शेतकऱ्याच्या माथी पडला. आपल्याकडच्या बहुतेक शेडा अजून बांधायच्या आहेत. त्यामुळे तो खर्च एकदाही न करण्याची सोय आपल्याला आहे.